बंदराचं इंग्रजी, थिसिसचं इंग्रजी: पाच साचे पक्के करा

"विषय येतो हो, पण इंग्रजीत लिहायला बसलं की गाडी अडते." पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची, सिनॉप्सिसची किंवा मुलाखतीची तयारी करणाऱ्यांकडून हे वाक्य सारखं ऐकू येतं. मग सल्ले सुरू होतात: रोज इंग्रजी पेपर वाचा, सिनेमे बघा, व्याकरणाचं जाड पुस्तक आणा. पुस्तक येतं, पहिल्या दोन प्रकरणांवर पेन्सिलीच्या खुणा होतात आणि ते कपाटात जातं.

अडचण अशी की "इंग्रजी येत नाही" हा प्रश्नच खूप मोठा आहे. एवढा मोठा प्रश्न कुणालाच सुटत नाही. पण "मला सिन्स आणि फॉर यातला फरक पक्का नाही" हा प्रश्न चार दिवसांत सुटतो. संशोधनाच्या लेखनात तेच ते थोडे वाक्यसाचे पुन्हा पुन्हा येतात. ते ठरवून, मोजून पक्के केले की बाकीचं इंग्रजी सावकाश येत राहतं. थोड्या साच्यांवर केवढं काम चालतं हे बघायला आधी न्हावा शेव्याला जाऊ.

रेडिओवरचं इंग्रजी

अटल सेतूवरून उरणच्या बाजूला उतरताना ज्या उंच क्रेन दिसतात, ते आपलं जवाहरलाल नेहरू बंदर. १९८९ साली सुरू झालं आणि आज देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. इथे लागणाऱ्या एखाद्या जहाजाचा कप्तान युक्रेनचा, त्याच्या हाताखालचा अधिकारी फिलिपिन्सचा आणि इंजिनियर केरळचा असू शकतो. जहाज खाडीतून धक्क्यापर्यंत आणणारा बंदराचा पायलट इथला. प्रत्येकाच्या घरची भाषा वेगळी, आणि बोलायचं इंग्रजीत, तेही खरखरणाऱ्या व्हीएचएफ रेडिओवर.

हे जमावं म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, २००१ साली ठरावीक वाक्यांचा एक संच मंजूर केला. नाव स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेझेस, थोडक्यात एसएमसीपी. त्याआधी १९७७ पासून असाच एक शब्दसंग्रह वापरात होता. ५०० ग्रॉस टनेज किंवा त्याहून मोठ्या जहाजावर वॉच सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला हे इंग्रजी समजणं आणि वापरता येणं सक्तीचं आहे. न्हाव्याचं टी. एस. रहमान १९१० पासून बोटीवर जाणाऱ्या मुलांना शिकवतंय, नेरूळला टी. एस. चाणक्य आहे. अशा संस्थांतून अधिकारी होऊ पाहणाऱ्याला हे साचे तोंडपाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

या इंग्रजीचे नियम बघण्यासारखे आहेत. निरोपाच्या आधी तो कशाचा आहे हे एका शब्दात सांगता येतं: प्रश्न, उत्तर, सूचना, सल्ला, इशारा, माहिती, विनंती की इरादा. असे आठच प्रकार. उत्तर "हो" असेल तर नुसतं "येस" म्हणून थांबायचं नाही, "येस"नंतर पूर्ण वाक्य म्हणायचं. आकडे सुटे सुटे सांगायचे: १५० म्हणजे "वन फाइव्ह झिरो". सुकाणूचा कोन सांगताना मात्र "फिफ्टीन" असंच म्हणायचं. ऐकू आलं नाही तर "से अगेन". आणि "मे", "माइट", "शुड", "कुड", "कॅन" हे शब्द शक्यतो टाळायचे, कारण त्यातून परवानगी, शक्यता आणि क्षमता यांची गल्लत होते. चॅनेलमध्ये शिरायची परवानगी हवी असेल तर "मे आय एंटर" असं न म्हणता "डू आय हॅव परमिशन टू एंटर" असं विचारायचं.

एवढी काटेकोरी कशाला, हे विमानांच्या एका अपघातातून कळतं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन बोइंग ७४७ विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. डच विमानातून कंट्रोल टॉवरला सांगितलं गेलं होतं, "वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ." म्हणणाऱ्याच्या मनात होतं "आम्ही उड्डाण करतोय". ऐकणाऱ्याने घेतलं "आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत". दाट धुकं होतं, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले, अशी कारणं इतरही होती. पण एका "अ‍ॅट"चे दोन अर्थ निघाले, हेही त्यातलं एक कारण. त्यानंतर विमानांच्या रेडिओवर "टेक-ऑफ" हा शब्द कधी वापरायचा, याचेही नियम कडक झाले.

बंदराकडून काय घ्यायचं आणि काय नाही

घ्यायचं ते असं: आधी काम ठरवा, मग साचा. पायलट जशी इशाऱ्याची आणि विनंतीची वाक्यं वेगळी ठेवतो, तशी शोधनिबंधातली वाक्यंही ठरावीक कामं करतात. आम्ही काय केलं, आधी कुणी काय केलंय, आम्हाला काय दिसलं, त्याचा अर्थ काय असावा. लिहायला बसताना "इंग्रजीत कसं लिहू" असं विचारू नका. "हे वाक्य यातलं कुठलं काम करतंय" असं विचारा. साचा बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

घ्यायचं नाही ते "मे"चं वावडं. बंदरावर शंका धोक्याची, म्हणून ती भाषेतूनच काढून टाकलीय. संशोधनात शंका हा निकालाचाच भाग असतो. तुम्हाला किती खात्री आहे हे वाक्यात दिसलं नाही, तर वाक्य खोटं ठरतं. म्हणून बंदरावर वर्ज्य असलेले हेच शब्द आपल्याला सगळ्यात जपून शिकायचेत.

आता पाच साचे बघू. उदाहरणासाठी समजा, तुम्ही न्हाव्याच्या खाडीतले पाण्याचे आणि गाळाचे नमुने तपासताय. प्रत्येक ठिकाणी आपली मराठी कुठे मदत करते आणि कुठे पाय ओढते, तेही बघू. आपल्या चुका बहुतेक वेळा मराठीच्या नियमानेच होतात.

साचा १: काय केलं

"वॉटर सॅम्पल्स वेअर कलेक्टेड अ‍ॅट हाय टाइड." पद्धतीच्या प्रकरणातली बरीच वाक्यं अशीच असतात. याला कर्मणी म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण मराठीत हे आपण रोज करतो. "मी नमुना घेतला", "मी नमुने घेतले", "मी बाटली भरली". क्रियापद "मी"कडे बघतच नाही, नमुन्याकडे आणि बाटलीकडे बघतं. इंग्रजीतलं "वॉज" आणि "वेअर"ही तसंच बघतं, फक्त लिंग सोडून देतं आणि वचन तेवढं पाळतं.

खड्डा पुढे आहे. "सगळ्या नमुन्यांची क्षारता मोजली" या वाक्यात क्रियापदाला लागून "क्षारता" आहे, म्हणून "मोजली". मराठीत मुख्य नाम शेवटी येतं, त्यामुळे क्रियापदाजवळचं नाम बघायची सवय बरोबर ठरते. इंग्रजीत "द सॅलिनिटी ऑफ ऑल सॅम्पल्स" म्हटलं की मुख्य नाम आधी येतं आणि क्रियापदाजवळ "सॅम्पल्स" राहतं. जुन्या सवयीने आपण "वेअर मेझर्ड" लिहितो. हवं ते "वॉज मेझर्ड". उपाय सोपा आहे: "ऑफ" दिसला की त्याच्या डावीकडचं नाम बघा.

आणि काळ भूतच ठेवा. "आर कलेक्टेड" लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं की नमुने असे नेहमीच घेतले जातात. निकालातही तेच. "वॉज फाउंड" म्हणजे माझ्या नमुन्यांत सापडलं. "इज फाउंड" म्हणजे सगळीकडे सापडतं. दुसऱ्या वाक्याचा पुरावा तुमच्याकडे आहे का, हे परीक्षक विचारणारच.

साचा २: अ आणि द

मराठीत आर्टिकल नाही, पण ओळखीचं आणि अनोळखी यातला फरक आपण करतोच. "गाळाचा एक नमुना घेतला. तो नमुना पाच भागांत कापला." पहिल्या वाक्यात "एक", दुसऱ्यात "तो". इंग्रजीत तेच: "अ सेडिमेंट कोअर वॉज टेकन. द कोअर वॉज कट इंटू फाइव्ह सेक्शन्स."

तेव्हा कसोटी अशी: मराठी वाक्यात "तो", "ती", "ते" घालून बघा. अर्थ न बिघडता बसलं तर बहुतेक "द". "एक" किंवा "कुठलातरी" बसलं तर "अ". दोन्ही बसत नसेल आणि गोष्ट मोजता न येणारी असेल, जसं नुसतं पाणी किंवा गाळ, तर काहीच नको. ही कसोटी प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. "द सी", "द सेम मेथड" असे प्रयोग लक्षातच ठेवावे लागतात. पण पद्धतीच्या प्रकरणातला बराच भाग तिने सावरतो.

साचा ३: केलं आणि केलं आहे

आधीच्या संशोधनाबद्दल लिहिताना हा साचा लागतो. मराठीत "२००४ साली मंजूर झालं" आणि "२००४ साली मंजूर झालेलं आहे" दोन्ही चालतं. इंग्रजीत वर्ष सांगितलं की "हॅज बीन" चालत नाही. ठरावीक वेळ दिली की साधा भूतकाळ, एवढं पक्कं करा.

उदाहरण बंदराचंच घेऊ. जहाजं तोल सांभाळायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात ते सोडतात. या बॅलास्ट पाण्याबरोबर परक्या समुद्रातले जीव इथे येतात. या विषयावरच्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगातली सहा ठिकाणं निवडली होती, त्यात मुंबई होती. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये मंजूर झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आहे. इंग्रजीत: "द कन्व्हेन्शन वॉज अ‍ॅडॉप्टेड इन २००४ अँड हॅज बीन इन फोर्स सिन्स २०१७." एकाच वाक्यात दोन्ही काळ आले. पहिली घटना घडून संपली, दुसरी स्थिती अजून चालू आहे.

असंच दुसरं: ७ ऑगस्ट २०१० ला न्हावा शेव्याहून निघालेलं एमएससी चित्रा आणि मुंबई बंदराकडे येणारं खलिजिया ३ ही जहाजं धडकली आणि तेल समुद्रात पसरलं. टक्कर सांगताना "कोलाइडेड". त्यानंतर आजपर्यंत झालेल्या अभ्यासांबद्दल सांगताना, कुठलंही एक साल न देता, "हॅव बीन स्टडीड".

आता "पासून". मराठीत "२०२३ पासून" आणि "दोन वर्षांपासून" यांना एकच "पासून" पुरतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर "सिन्स", लांबी सांगितली तर "फॉर". आणि "मी दोन वर्षांपासून काम करतोय" याचं "आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टू इयर्स" होत नाही. "आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स" होतं. मुलाखतीत बहुधा पहिल्या दोन मिनिटांतच हे वाक्य लागतं, म्हणून आधी हेच घोका.

साचा ४: नामाच्या उजवीकडची शेपटी

"भरतीच्या वेळी खाडीतून घेतलेले पाण्याचे नमुने". मराठीत सगळी माहिती नामाच्या आधी येते. इंग्रजीत ती नामानंतर येते: "वॉटर सॅम्पल्स कलेक्टेड फ्रॉम द क्रीक अ‍ॅट हाय टाइड". म्हणून आधी नाम लिहा, मग उजवीकडे जा.

मराठीत दुसरा मार्ग "जे नमुने घेतले, ते थंड ठेवले" असा असतो. जे आणि ते यांची जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की इंग्रजीतही आपण "द सॅम्पल्स विच वुई कलेक्टेड, दे वेअर स्टोअर्ड" लिहून जातो. हा "दे" म्हणजे आपला "ते". तो काढून टाका. "द सॅम्पल्स वुई कलेक्टेड वेअर स्टोअर्ड", बस.

साचा ५: खात्रीची शिडी

मराठीत "आहे", "असावं", "असू शकतं" अशा पायऱ्या आहेत आणि त्या आपण बिनचूक वापरतो. इंग्रजीत मात्र सगळं "इज" तरी होतं किंवा "कॅन बी" तरी. गाळातलं तांबं जहाजांच्या रंगातून आलं असू शकतं, हे सांगताना "द कॉपर कॅन बी फ्रॉम शिप पेंट" लिहू नका. "कॅन" म्हणजे एरवी असं घडू शकतं. या नमुन्याबद्दलची तुमची शंका "मे" सांगतो: "द कॉपर मे हॅव कम फ्रॉम शिप पेंट."

शिडी अशी लक्षात ठेवा. आकडे थेट सांगतायत तेव्हा "द रिझल्ट्स शो". आकडे एका बाजूला झुकतायत तेव्हा "द रिझल्ट्स सजेस्ट". ही एक शक्यता आहे, इतरही आहेत, तेव्हा "मे". आधी मराठीत स्वतःला विचारा: आहे, असावं, की असू शकतं? मग पायरी निवडा. व्याकरण सुधारणारी सॉफ्टवेअर "अ" आणि "द" बऱ्यापैकी लावून देतात. पण तुम्हाला किती खात्री आहे हे त्यांना कुठून कळणार? ती पायरी तुमचीच.

सराव कसा करायचा

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, परत दुसरं वाक्य. आज ही पद्धत जुनाट वाटते, पण तिच्यातली एक गोष्ट फार पक्की आहे: उत्तर स्वतः आठवून लिहावं लागतं. २००६ साली हेन्री रोडिजर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, मधे एकदा न बघता आठवून लिहिलेल्यांना जास्त आठवलं. पुन्हा पुन्हा वाचल्याने आपल्याला येतंय असं वाटतं. न बघता लिहिल्यावर खरंच येतंय का ते कळतं.

तेव्हा दोन आठवडे रोज वीस मिनिटं हे करा.

पहिल्या दिवशी तुमच्या विषयातल्या एका चांगल्या पेपरच्या पद्धतीच्या भागातली पाच-सहा वाक्यं घ्या आणि वहीत साध्या मराठीत उतरवा. पुस्तकी मराठी नको, मित्राला सांगाल तशी. पेपर मिटून ठेवा.

दुसऱ्या दिवशी फक्त वही उघडा आणि त्या मराठीचं इंग्रजी करा. पेनाने, न बघता. मग मूळ वाक्यांशी ताडून बघा. प्रत्येक फरकापुढे वरच्या पाच साच्यांपैकी कुठला ते आकड्यात लिहा. पाचांत न बसणारे फरक सध्या सोडून द्या. तीन-चार दिवसांत दिसेल की तुमच्या चुका विखुरलेल्या नाहीत, एक-दोन आकडेच सारखे येतायत. तेवढ्यांवरच जोर द्या.

चौथ्या आणि आठव्या दिवशी तीच मराठी वाक्यं परत घ्या. मधे विसरायला वेळ मिळायला हवा, नाहीतर फक्त पाठांतर होतं. दुसऱ्या आठवड्यात निकाल आणि चर्चा या भागांतली वाक्यं घ्या, म्हणजे साचा ३ आणि ५ जास्त येतील. आणि लिहिलेलं मोठ्याने वाचा. मुलाखतीत आणि व्हायव्हात तोंडच चालवावं लागतं.

शेवटी साच्यात स्वतःचा माल भरा. "वॉटर सॅम्पल्स" काढून तुमची पेशी, तुमचं संयुग, तुमचं उपकरण घाला. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला दुसरंही कारण आहे. दुसऱ्याची वाक्यं वहीत सरावासाठी ठीक, थिसिसमध्ये जशीच्या तशी गेली तर वाङ्मयचौर्य. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपुढच्या साम्याला टप्प्याटप्प्याने शिक्षा आहेत. साचा सगळ्यांचा असतो, मजकूर ज्याचा त्याचा.

दोन आठवड्यांनी तुमचं इंग्रजी सुंदर होणार नाही. पायलटचंही नसतं. पण काय केलं, काय दिसलं आणि किती खात्री आहे, हे तुम्ही न अडखळता आणि दोन अर्थ न निघता सांगाल. गाईडला पहिल्या मसुद्यात तेवढंच हवं असतं. आजचं काम एवढंच: एक पेपर, त्यातली सहा वाक्यं आणि कोरी वही. उद्या पेपर उघडायचा नाही, वहीच उघडायची.